गुडघाभर पाणी

गिरणीतल्या मधल्या खांबाच्या कडीने घरातल्या प्रत्येकाचा अंगठा एकदा तरी फोडला होता. कडी लोखंडी, जाड, आणि जमिनीपासून जेमतेम घोट्याएवढ्या उंचीवर ठोकलेली. दळण घेऊन येणाऱ्या बायका तिला शिव्या देत आणि पुढच्या खेपेला पुन्हा तिथेच ठेचकाळत. एवढ्या खाली कडी कोणी आणि कशाला ठोकली, असं गिरणीवाल्याच्या बायकोने लग्न झाल्या-झाल्याच विचारलं होतं. शेळी बांधायला, असं नवरा म्हणाला. या घरात कधी शेळी होती का, असं तिने विचारलं. नव्हती, पण असती तर बांधली असती, असं उत्तर आलं.

अशा उत्तरावर गप्प बसणारी माणसं वेगळी. हिला गप्प बसणं जमत नव्हतं. चक्कीचा पट्टा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा का फिरवतात, दगडाला टाकी लावताना कडेच्या रेघा तिरक्याच का मारायच्या, पीठ हाताला गरम का लागतं, हे सगळं तिने विचारून घेतलं होतं. गल्लीने तिचं नाव ‘चौकशी खिडकी’ ठेवलं होतं. तिला ते ठाऊक होतं आणि तिची काही हरकत नव्हती. खिडकी उघडी असली की वारा तरी येतो, असं ती म्हणायची.

त्याच खांबावर गुडघ्याच्या वर चार बोटं एक आडवी खाच होती. मोठ्या पुराचं पाणी ओसरलं तेव्हा तिच्या सासऱ्याने स्वतः वाकस घेऊन ती घातली होती. सासरा गिरणी चालवायचा आणि सुतारकामातही त्याचा हात चालायचा. त्या पुरात वस्तीतली मातीची घरं विरघळून गेली. दगडी पायाची आणि लाकडी सांगाड्याची ही गिरणी तेवढी उभी राहिली. जुनी माणसं पांगली ती परत आलीच नाहीत. आताची वस्ती नवा पूल झाल्यानंतरची. त्यामुळे पुराची खूण म्हणून जे काही शिल्लक होतं ते एवढंच: खांबावरची खाच आणि गिरणीवाल्याची म्हातारी आई.

यातली खाच सगळे मानत. म्हातारीचं मात्र कोणी मनावर घेत नसे. तिला सगळे पूरआजी म्हणत, आणि तिची गोष्ट गल्लीला तोंडपाठ होती. नवरा पोरांना-बायकांना माळ्यावर चढवत होता, ती पोटुशी होती, माळ्याच्या कडेला पाय खाली सोडून बसली होती आणि खालचं पाणी चढत चढत तिच्या तळपायाला लागलं, मग घोट्याला लागलं. ही गोष्ट ती दळण टिपता टिपता सांगायची, आणि ऐकणारी बाई खांबावरच्या खाचेकडे बघून पदराआड हसायची. आजीचं पाणी दरवर्षी चार बोटं चढतं, असं पलीकडची शिंपीण म्हणायची. म्हातारीला ऐकू कमी येत असलं तरी हसणं बरोबर ऐकू यायचं. ती गोष्ट तिथेच सोडून देऊन धान्यातले खडे वेचायला लागायची.

दोन सालांमागे नदीचं पाणी गिरणीत नुसतं पोटरीपर्यंत आलं आणि मोटार खाक झाली. गिरणीवाल्याने ती पुन्हा उभी केली, पण त्यात त्याचा जीव मेटाकुटीला आला. म्हणून यंदा सरकारची पूरविम्याची योजना आली तेव्हा सर्वांत आधी बसायला घोंगडी त्याच्याच गिरणीत पसरली गेली. एरवी आपली सगळ्यांची सवय तहान लागल्यावर विहीर खणायची. यावेळी पुराच्या कितीतरी आधी, ऐन उन्हाळ्यात विहिरीची गोष्ट निघाली होती, याचंच लोकांना नवल वाटत होतं.

योजना समजावून सांगायला जो आला त्याला लोकांनी मोजणीवाला म्हणायला सुरुवात केली. तीन पायांवर ठेवलेली दुर्बीण, रंगीत पट्ट्यांची उंच काठी आणि उन्हाने रापलेली मान, असा तो माणूस. बोलणं साधं होतं. मोठ्या पुराचं पाणी जिथवर चढलं होतं, तिथे प्रत्येक भिंतीवर निळी रेघ मारायची. त्या रेघेच्या हातभर वर ज्याचं यंत्र, धान्य, सामान असेल त्याला विमा मिळणार, आणि हप्त्याचा मोठा वाटा सरकार भरणार. ज्याला तेवढं उंच करणं शक्यच नाही, त्याला टेकडाच्या उतारावर जागा आणि बिऱ्हाड हलवायला मदत. आणखी एक गोष्ट त्याने दोनदा सांगितली. रेघ कमरेच्या खाली असेल तर पुराच्या इशाऱ्याचा भोंगा वाजल्यावर घरच्या माळ्यावर चढून थांबायचं. रेघ डोक्याच्या आसपास असेल तर क्षणभरही थांबायचं नाही, घर सोडून टेकडाकडे निघायचं.

नदीच्या पाण्याची उंची मोजायची जुनी पट्टी त्याच पुरात वाहून गेली होती, त्यामुळे त्याला खाच फार मोलाची वाटली. त्याने ती मोजली, तिचा फोटो काढला. मग म्हातारीसमोर उकिडवा बसून तिची गोष्ट सबंध ऐकली. तो हसला नाही. पण शेवटी म्हणाला, आजी, दोन्ही खरं कसं असेल? खाच गुडघ्याशी आणि तुमचे पाय माळ्याला.

म्हातारीने हातातला खडा बाजूला टाकला.

“मी घाबरले होते म्हणतात,” ती म्हणाली. “घाबरलेल्याला पाणी जास्त दिसतं.”

मग तिने सूप पुढे ओढलं. मोजणीवाल्याने उठताना गिरणीवाल्याला सांगितलं, की आणखी एखादी खूण सापडली तर बरं होईल, एका खुणेवर अख्खी वस्ती टांगायला मन घेत नाही. नाही सापडली तर तो पंधरवड्याने येऊन खाचेच्या हिशेबाने रेघा मारेल.

लोक कामाला लागले. गुडघाभर म्हणजे काही आभाळ नव्हतं. शिंपिणीने शिवणयंत्राखाली विटांचा चौथरा घातला. किराणावाल्याने खालचा खण रिकामा करून सगळं वरच्या फळ्यांवर चढवलं. गिरणीवाल्याने चक्की आणि मोटार कमरेएवढ्या ओट्यावर घ्यायचं ठरवलं. सकाळी दळण, दुपारी गवंडीकाम असा बेत त्याने आखला. बायको नदीकाठचे दगड टोपलीने आणायची, तो पहार घेऊन जुनी फरशी उखडायचा. चुंबळ घातली तरी दगडाचा कोपरा टाळूत रुतायचा. संध्याकाळी दोघांच्या अंगावर पीठ आणि चुना असे दोन थर बसलेले असत, आणि कोणता कुठला ते धुतल्याशिवाय कळत नसे. नवरा खुशीत होता. ओट्याला पायऱ्या कुठून काढायच्या, दळणाचे डबे कुठे ठेवायचे, हे तो जेवतानाही ताटात बोटाने काढून दाखवायचा. तिलाही त्याची खुशी आवडत होती. मोटार गेली त्या साली हा माणूस नुसता भिंतीकडे बघत बसायचा, ते तिने पाहिलं होतं.

ओट्यासाठी रिकामी पोती हवी होती, ती आणायला ती एका दुपारी माळ्यावर चढली. वीज गेल्याने गिरणी बंद होती, बाहेर ऊन भणभणत होतं. पोती खाली टाकून झाली आणि ती घाम पुसायला माळ्याच्या कडेला टेकली, पाय खाली सोडून. तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की म्हातारी बसली असेल ती इथेच. माळ्याला दुसरी उघडी कड नाही. तिने पाय सरळ खाली ताणले, बोटं टोकदार केली. खाच तिथून कुठल्या कुठे खाली होती. तिने पाय हलवून पाहिले, जणू अजून थोडं खाली सरकले तर हिशेब जुळेल.

थाप मारणारा माणूस थाप कशी मारतो, याचा ती विचार करायला लागली. पाणी छाताडापर्यंत आलं, गळ्यापर्यंत आलं, असं म्हणतो. तळपायाला आधी गार लागलं आणि मग घोटे बुडाले, असं थापेत कोण सांगतं? तिला त्या क्षणी सासूची दया आली आणि स्वतःची लाज वाटली. पदराआड हसणाऱ्यांत तीही होतीच की.

पण मग खाच खोटी म्हणायची, तर ती सासऱ्याने घातलेली. तो मोजून बोलणारा माणूस, पायली दळताना मूठभर पीठ कधी कमी पडू न देणारा. हा पेच घेऊन ती खाली उतरली आणि फडकं पिळून फरशी पुसायला बसली, कारण पेच सुटो न सुटो, चुन्याचे डाग वाळायच्या आत पुसावे लागतात.

खांबाच्या बुडाशी पुसताना ती नेहमीसारखी कडीला वळसा घालून गेली. कडीच्या खाली लाकडावर एक काळा पट्टा होता, कडीपासून जमिनीकडे निमुळता होत गेलेला. तो तिने शंभरदा घासला असेल. यंत्राला घालतात त्या ओंगणाचा डाग समजून सोड्यानेही घासला होता. आज तिने बोटाने तो खरवडला. ओंगण नव्हतं, लाकडाच्या रेषांत मुरलेलं काही काळं होतं. नख काळं झालं, वास घेतला तर जुन्या धुराचा. काजळी होती ती. कडीला कंदील टांगला की वर धरते तशी काजळी.

पण ही कडीच्या खाली होती, आणि धूर खाली जातो हे तिने कधी ऐकलं नव्हतं. खात्री करायला तिने चिमणी पेटवून कडीपाशी धरली. धूर मुकाट्याने वर गेला. नवरा दारातून आत येत होता. भरदुपारी बायको चिमणी पेटवून खांबाच्या पायाशी बसलेली पाहून तो काही न विचारता मागे फिरला. लग्नाला पुष्कळ वर्षं झाली होती.

चिमणी विझवून ती दुसऱ्या बाजूने पुसायला गेली. कंबर मोडून वाकली, डोकं पार गुडघ्यांशी गेलं, आणि तशीच आपल्या काखेखालून तिची नजर खांबाकडे गेली. सगळं उलटं दिसत होतं. जमीन वर, माळा खाली. आणि त्या उलट्या जगात खांब सरळ होता. वर छताशी कंदिलाची कडी. कडीच्या वर जायला हवी तशी काजळी. कडीलगत लाकडाची खुंटी मारून बुजवलेलं एक चौकोनी भोक, तुळईचा आडवा दांडा अडकवायला हवं तिथेच. आणि खाच, खाली, बरीच खाली... नाही, वर. डोक्याएवढी वर.

ती तशीच वाकून राहिली. कोणी दळण घेऊन आलं असतं तर वैद्याला बोलावलं असतं. रक्त डोक्यात उतरून कानशिलं ठणकायला लागली तेव्हा ती ताठ झाली आणि खांब पुन्हा उलटा झाला.

संध्याकाळी तिने आधी सासूला विचारलं, तेही आडून. पूर ओसरल्यावर ती कुठे होती? म्हातारीने सांगितलं, की चौथ्या दिवशी भाऊ न्यायला आला, ती माहेरी गेली, हा मुलगा तिथेच झाला. जाताना खांबावर खाच होती का? खाच कुठली, तेव्हा घरात गाळ होता, खांबाकडे बघतंय कोण. मग परत कधी आलात?

म्हातारीने सूप खाली ठेवलं. मी येतच नव्हते, असं ती म्हणाली. तिने भावाला सांगून ठेवलं होतं, की त्या घरात आता पाय ठेवायची नाही, लेकराला घेऊन तर नाहीच. नवरा चार वेळा आला, चारही वेळा रिकाम्या हाताने गेला. पाचव्यांदा आला तेव्हा म्हणाला, तू घाबरली होतीस, पोटुशी होतीस, रात्र होती. पाणी गुडघाभर होतं. मी खूण करून ठेवलीय, स्वतः येऊन बघ, आणि मग नाही म्हण.

“आले, बघितलं,” म्हातारी म्हणाली. “मग काय बोलणार? खूण समोर होती. तेव्हापासून माझा माझ्याच डोळ्यांवर भरवसा राहिला नाही, पोरी. दूध उतू गेलं तरी दोनदा बघते.”

सून उठली. तिने नवऱ्याला हाक मारली, सासूला खांबापाशी आणलं आणि जे वाकून पाहिलं होतं ते दोघांना उभ्याने सांगितलं. कडी, काजळी, बुजवलेलं भोक. नवऱ्याने आधी हसायचं ठरवलं होतं, पण काजळीला बोट लावल्यावर त्याचा चेहरा उतरला. तो स्वतः पाठ वाकवून, डोकं खाली घालून बघू लागला आणि बराच वेळ वर आला नाही.

वर आल्यावर त्याने एक सरळ कारण शोधून काढलं. खांबाचं बूड पुराने कुजलं असेल. बूड कुजलं की सुतार खांब उलटा करतात, कुजका भाग तासून वर घेतात, चांगला शेंडा खाली. रीतच आहे ती. बाबांनी खांब फिरवला आणि खाचेचं विसरून गेले. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. तशी रीत आहे. म्हातारीने सुनेकडे बघितलं.

“वर चढ,” ती म्हणाली. “कुजलंय का बघ.”

सुनेने माळ्याची टोकाची फळी उचकटली. खांबाचं डोकं, म्हणजे एकेकाळचं बूड, तुळईखाली दिसायला लागलं. तिने नवऱ्याकडून पटाशी मागून घेतली आणि टोचून पाहिली. पटाशी टणकन उडाली. चारी बाजूंनी टोचून पाहिलं. लाकूड लोखंडासारखं होतं. वाळवीचं भोक नव्हतं, तासून काढलेली कुजकट कड नव्हती. फक्त भेगांमध्ये करडा गाळ भरलेला होता, वाळून दगड झालेला. तिने तो नखाने उकरला, तळहातावर घेतला आणि खाली उतरून सासूच्या हातात ठेवला.

“कुजलेलं नाही, आई. कुठेच नाही.”

म्हातारीने गाळ चिमटीत चुरला. मग कशाला फिरवला असेल, असं मुलगा म्हणाला. त्याला खरंच कळलं नव्हतं. पुरुषांना कधी कधी शेजारच्या खोलीतली गोष्ट कळायला पिढी जावी लागते.

“मला आणायला,” म्हातारी म्हणाली. “लबाड माणूस.”

ती हे रागाने म्हणाली आणि लगेच तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं ते तिने पुसलं नाही. एवढा जड खांब त्याने कसा फिरवला असेल, याचं तिला मध्येच कौतुक वाटलं. तुळईला टेकू दिला असेल, दोन माणसं लावली असतील, कोणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली असेल. जन्मभर तो या खांबाला टेकून दळणाची वाट बघत बसायचा आणि ती गोष्ट सांगायला लागली की उठून बाहेर जायचा. तिला वाटायचं, बायकोच्या थापांची त्याला लाज वाटते.

त्या घरात मग दोन दिवस धुसफूस चालली. गिरणीवाल्याचं म्हणणं असं, की झालं ते झालं. खरी खूण सांगितली तर रेघ डोक्यावर जाणार. तेवढ्या उंचीवर चक्की चढवणं कोणाच्या बापाला जमायचं नाही. म्हणजे विमा नाही, ओटा फुकट, गिरणी उचलून टेकडावर न्यायची आणि दळणाला तिथे कोण चढणार? शिवाय शिंपिणीचा चौथरा, किराणावाल्याचे खण, सगळ्यांचंच मुसळ केरात. आणि हे सगळं सांगताना चार लोकांत असंही सांगायचं, की बाबांनी खोटी खूण दाखवली. त्यांच्या शब्दावर वस्ती वसली, त्यांनाच आता लबाड ठरवायचं? असा पूर पुन्हा येईल कशावरून? आणि आलाच तर विमा आहेच की.

“विमा मोटारीचा आहे,” बायको म्हणाली. “भोंगा वाजल्यावर माळ्यावर आपण असू. शिंपिणीला तर माळाही नाही, ती खाटेवर उभी राहील.”

तो ओट्याचे दगड रचत राहिला, एकावर एक, ओळंबा लावून, अगदी नेटके. ती गारा कालवून देत राहिली, कारण अबोला धरला तरी गारा वाळतो. म्हातारी खांबाला पाठ लावून बसून असायची आणि दोघांचं ऐकायची. तिने काही मत दिलं नाही. सुनेला वाटलं, ती नवऱ्याची झाकली मूठ झाकलेलीच ठेवणार. आणि ठेवली असती तर तिला बोल कसा लावणार? पन्नास वर्षं सगळे तिलाच हसले होते. आता हसण्याची पाळी त्याच्यावर येणार होती, आणि तो तर उत्तर द्यायला नव्हता.

मोजणीवाला निळ्या रंगाचा डबा घेऊन सकाळीच आला. पहिली रेघ गिरणीच्या खांबावर मारायची, तिथून दुर्बिणीने बाकीच्या भिंती, असं ठरलं होतं. अर्धी गल्ली दारात जमली. त्याने ब्रश रंगात बुडवला आणि खाचेपाशी गुडघा टेकला. गिरणीवाल्याने मान वळवली. बायको पुढे व्हायला निघाली, तेवढ्यात म्हातारीने काठी आडवी केली आणि मोजणीवाल्याला म्हणाली, थांब जरा, मला आधी माळ्यावर चढायचंय.

लोक हसले. शिंपीण म्हणाली, आजी, आता काय नवीन गोष्ट? म्हातारीने तिच्याकडे लक्ष दिलं नाही. ती शिडीपाशी गेली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. गुडघा उचलेना. तिने दोन्ही हातांनी तो उचलून ठेवला. सून मागून आधार द्यायला गेली तर शिडी हलायला लागली. मग गिरणीवाला आला. ओट्याच्या चुन्याने पांढरे झालेले हात त्याने शिडीला लावले आणि ती घट्ट धरली. आईकडे त्याने पाहिलं नाही, पण शिडी सोडली नाही. म्हातारी एकेक पायरी थांबत, धापा टाकत चढली, माळ्याच्या कडेला टेकली आणि तिने पाय खाली सोडले. काटकुळे, निळ्या शिरांचे, टाचांना भेगा पडलेले पाय सगळ्यांच्या डोक्यांवर लोंबू लागले. आता कोणी हसेना.

तिने मग वरूनच सांगितलं. लांबण लावली नाही. खांब उलटा आहे. माझ्या घरधन्याने तो फिरवला, मी नांदायला परत यावं म्हणून. खाच खोटी नाही, खाच खरीच आहे, पण ती डोक्यावर उभी आहे. त्याने खोटं केलं ते फक्त माझ्याशी, तुमच्याशी करायचं त्याच्या मनातही नसणार. पण तुम्ही त्यावर घरं बांधलीत, म्हणून सांगते. पाणी इथवर होतं. घोटे बुडत होते.

मोजणीवाला ब्रश हातात धरून वर बघत राहिला. निळा थेंब त्याच्या बुटावर पडला. सुनेने त्याला कडी दाखवली, काजळी दाखवली, भोक दाखवलं, वरची फळी काढून गाळ दाखवला. त्याने एकही गोष्ट नुसती ऐकली नाही, प्रत्येक हात लावून पाहिली. मग म्हणाला, खांब फिरवून बघू या. फिरवायचा म्हणजे काठीने. माळ्याच्या तुळईपासून खाचेपर्यंतचं अंतर त्याने रंगीत काठीवर धरलं, तेवढंच जमिनीपासून वर मोजलं आणि तिथे अंगठा टेकवला. अंगठा म्हातारीच्या घोट्याला लागला. तिने गार लागल्यासारखा पाय आखडला.

शिंपीण तेवढी पुढे आली, खांबापाशी उभी राहिली आणि तिने हात वर करून अंगठ्याची जागा चाचपली. तिचा हात पुरला, पण नुसता पुरला. ती तशीच हात वर करून उभी राहिली आणि म्हणाली, माझी पोरं याच्या निम्मी आहेत. मग ती म्हातारीकडे वळली. तिने म्हातारीच्या पायावर हात ठेवला, तेवढं पुरे झालं.

मोजणीवाल्याने रेघ मारली. खांबाभोवती चारी बाजूंनी, ओली, निळी, गिरणीवाल्याच्या डोक्याच्या वर दोन बोटं. दुर्बीण उचलून तो बाहेर गेला आणि लोक त्याच्या मागोमाग आपापल्या भिंतींकडे गेले. कोण बडबडत होतं, कोण गप्प होतं. नवा हिशेब प्रत्येकाला आपल्या घरी जाऊन मांडायचा होता. टेकडावर जागा किती, शाळा किती लांब पडेल, भोंगा ऐकू येईल का, असे प्रश्न रस्त्यात सुरू झाले, आणि चौकशी खिडकीलाही लाजवतील इतके ते होते.

घरात तिघंच उरली. गिरणीवाला रेघेखाली उभा राहून अर्ध्या ओट्याकडे बघत होता. त्याने थापी उचलली, तिच्यावरचा वाळका चुना खरवडून काढला आणि ती पुसून फळीवर ठेवून दिली. मग बायकोला विचारलं, टेकडावर विजेचा खांब कुठवर आलाय? तिने सांगितलं, दुपारी जाऊन बघू या. त्याने मान हलवली. दगड परत उचलून वर न्यावे लागतील, असं तो म्हणाला. उचलू, असं ती म्हणाली.

म्हातारी अजून माळ्यावरच होती. मुलगा तिला उतरवून घ्यायला शिडीवर चढला तेव्हा तिने त्याचा खांदा धरला, पण ती लगेच उतरली नाही.

“हा खांब बरोबर घ्यायचा,” ती म्हणाली. “मोडून विकायचा नाही.”

तो म्हणाला, घेऊ, पण टेकडावर पुराची खूण कशाला हवी?

“खुणेला नाही, कंदिलाला. तिथे कडी वर येईल ना आता. कोणाचे अंगठे फुटायला नकोत.” तिने निळ्या रेघेवर तळपाय टेकवला, रंग ओला होता तरी. “आणि यावेळी सरळ उभा करा. मी आहे बरोबर, मला कुठून आणायची नाहीये.”